तीन राजे आणि ‘कळवतो’

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न मी मोडलं. हुंड्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, मानपानावरूनही नाही. तीन पत्तीच्या नियमांवरून मोडलं. हे वाक्य मी आजवर दोन-चार जणांपुढं बोललोय आणि दर वेळी ऐकणारा आधी हसलाय. माझी हरकत नाही. मीही सांगायला सुरुवात हसतच करतो. पुढं मग जमत नाही.

आम्ही तेव्हा उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. आई, ताई आणि मी. वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी सातवीत नापास होण्याच्या बेतात होतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. तिनं घर चालवलं, मला मॅट्रिकपर्यंत ढकललं, कॉलेजात घातलं, आणि मी कचेरीत कारकून म्हणून चिकटेपर्यंत तिला अठ्ठाविसावं संपत आलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचं नाव काढलं की मध्यस्थ आधी घसा खाकरायचे.

तरी सात ठिकाणचे लोक येऊन गेले. आई मुरमुऱ्यांचा सुशीला करायची, ताई चहा आणून द्यायची, पाहुणे भिंतीवरचं कॅलेंडर बघत बशी संपवायचे आणि उठताना सगळे एकच शब्द मागं ठेवून जायचे. “कळवतो.”

ज्याच्या घरात लग्नाची मुलगी होती, त्याला या शब्दाचा अर्थ सांगायला नको. कळवतो म्हणजे नाही. तरीही आई पुढचे चार-सहा दिवस पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की पदराला हात पुसत दारात जायची. आणि ताई वह्या तपासता तपासता, मान वर न करता म्हणायची, “आई, आत ये. त्यांनी कळवलंय.”

आता पत्त्यांकडं येतो.

आमच्या कचेरीत एक नाझरसाहेब होते. नाझर म्हणजे कचेरीचं सामानसुमान आणि जप्तीचा माल सांभाळणारा माणूस. निजामाच्या राज्यात उर्दूत नोकरीला लागलेले आणि पोलीस ॲक्शननंतर, तिशीत, पाटी घेऊन मराठी बाराखडी गिरवत ती नोकरी टिकवलेले. फायलीवर स्वच्छ मराठीत लिहायचे, बोलायचे मात्र दखनीत. मधल्या सुट्टीत जप्तीच्या खोलीत त्यांचा डाव बसे. टेबल कुणाचं तरी जप्त केलेलं, खुर्च्याही. पैसे लावायची छाती कुणात नव्हती, म्हणून चिंचोके लावायचे. कचेरीच्या आवारात चिंचेचं झाड होतं, त्यामुळं आम्ही सगळेच श्रीमंत होतो. दोन जुने कारकून, नाझरसाहेब आणि चौथा मी.

खेळ सोपा. प्रत्येकाला तीन पानं. आधी सगळ्यांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा, मग पाळीपाळीनं चाल वाढवत जायची. ज्याला झेपत नाही त्यानं पानं उलटी ठेवून पॅक व्हायचं. शेवटी दोघं उरले की पानं उघडायची, मोठ्यानं ढीग ओढायचा. तिन्ही पानं सारखी आली तर ती ट्रेल. तिच्यावर काही नाही.

मी बसलो त्या पहिल्याच आठवड्यात मला तीन राजे आले. तीन! माझे कान तापले. पाळी आल्याबरोबर मी खिशातले होते नव्हते तेवढे चिंचोके टेबलावर ओतले आणि वर म्हणालो, “या आता!”

कोण येतंय? तिघांनी एका दमात पानं टाकली. मध्ये चार चिंचोके होते, त्यातला एक माझाच. तीन राजांच्या बळावर मी तीन चिंचोके कमावले.

नाझरसाहेबांनी माझी पानं उलटून बघितली आणि कपाळाला हात लावला. “अरे मियाँ! तीन बादशा घर कू आए, और तुम गल्ली में डंका बजाए! अब कौन बैठेगा तुमारे सामने?”

“मग काय करायचं, साहेब?”

“बड़ा पत्ता आया तो पहली चाल बारीक. समझे? बारीक. सामनेवाले कू ऐसा लगना, ये गरीब अब उठता, तब उठता.”

मी मान डोलावली. शिकवणीचा मला लहानपणापासून एक त्रास आहे. निम्मी ऐकली की सगळी आली असं वाटतं. नाझरसाहेब पुढंही काहीतरी सांगत होते, पण मी तोवर माझे चिंचोके खिशात भरत होतो.

मग मी गरीब दिसण्याचा अभ्यास सुरू केला. चांगली पानं आली की मोठा उसासा टाकायचो. “अरे देवा” म्हणायचो. एकदा तर जोडी राणीची होती आणि मी डोळे मिटून भिंतीला टेकलो. आठ दिवसांत असं झालं की मी उसासा टाकला की तिघंही पॅक. एक कारकून म्हणाला, “साहेब, याच्या घरी काही वाईट झालं तर आपल्याला कळायचं कसं? आपण पानं टाकून मोकळे होऊ.”

शेवटी महिन्या-दीड महिन्यानं मला सूर सापडला. उसासा नाही, काही नाही. पानं बघायची, जरा डोकं खाजवायचं आणि “बघू” म्हणून एक चिंचोका सरकवायचा. मग परत एक. असं करत एका दुपारी मी बदामाच्या सत्ता-अट्ठा-नव्वीवर तिघांनाही शेवटपर्यंत बसवून ठेवलं आणि शर्टाचा खिसा फाटेस्तोवर भरून घेतला. नाझरसाहेबांनी पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला जितका अभिमान वाटला, तितका मॅट्रिकच्या निकालाचाही वाटला नव्हता.

त्याच आठवड्यात वैजापूरचं स्थळ आलं.

मुलगा हायस्कुलात भूगोल शिकवायचा. चौतिशीचा होता. धाकट्या तीन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. बरोबर त्याची आई, नऊवारीतली, मोकळ्या आवाजाची. त्यांनी कॅलेंडर बघितलं नाही. मुलाच्या आईनं, म्हणजे मावशींनी, सुशीला दुसऱ्यांदा मागून घेतला. मग म्हणाल्या, “पोरांना दोन शब्द बोलू द्या की. आपुन काय, म्हातारे.” मी तेवीस वर्षांचा होतो, पण म्हाताऱ्यांत बसलो.

ते दोघं मागच्या अंगणात नळाच्या ओट्यापाशी उभे राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. आणि मग एकदम ताई हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. आई चहा गाळत होती; तिचा हात थांबला. वडील गेल्यापासून त्या घरात तसं कुणी हसलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पाहुण्यांना पोचवायला मी बसस्टँडवर गेलो. मावशींनी खिडकीजवळची जागा धरली आणि गाडी सुरू व्हायच्या आधी मला हाक मारली.

“मग काय, बाबा? आमच्या बाजूनं तर हाय. पोराला लई आवडली. देण्याघेण्याचं काय नाय आपल्याला. तुमचं काय ते बोला, म्हंजी मी गावात सांगायला मोकळी.”

हातात तीन राजे म्हणजे याहून वेगळं काय असतं? मला फक्त “हो” म्हणायचं होतं.

पण माझे कान तापले. ओळखीचे तापले. आणि मला नाझरसाहेबांचं बारीक आठवलं. नुसतं तेवढंही नव्हतं. खरं सांगायचं तर मला सात वेळा रिकाम्या झालेल्या बश्या आठवल्या. दारात उभी राहिलेली आई आठवली. आमच्या ताईला कुणीतरी दोनदा मागायला यावं, हात जोडून यावं, असं मला वाटलं. आपणही एकदा तो शब्द कुणाला तरी ऐकवावा, असं वाटलं. मी डोकं खाजवलं.

“बघू,” मी म्हणालो. “तशी आणखी एक-दोन स्थळं चालू आहेत.” एकही चालू नव्हतं. “विचार करून कळवतो.”

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. “कळवता?”

“हो. कळवतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून समोर बघायला लागल्या. मुलगा त्यांच्या पलीकडं बसला होता. त्यानं वाकून मला नमस्कार केला. कंडक्टरनं घंटी मारली.

मी चालत घरी आलो तो शीळ वाजवत.

“काय म्हणाले रे?” आईनं दारातच विचारलं.

“येतील परत.”

“म्हणजे पसंत आहे ना? तू काय म्हणालास?”

“आई, सगळं सांगायचं नसतं. येतील बघ.”

जेवताना ताईनं विचारलं, “वैजापूरला एसटीनं किती वेळ लागतो रे?” मी म्हणालो, दोन-अडीच तास. ती “अं” म्हणाली आणि ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिली. पुढं दोन दिवसांनी तिनं कचेरीतून एक कोरा फुलस्केप आणायला सांगितला. मी दोन आणले. कशाला ते विचारलं नाही. मी तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो की दुसऱ्या कुणाला काही विचारायला जागाच नव्हती.

दहा-बारा दिवस गेले. कुणी आलं नाही. मी मनाशी म्हणायचो, थांबलेत. चाल मोजतायत. आईनं शेजारणीकडून मोठं पातेलं मागून ठेवलं होतं. पोस्टमन आला की आता ती उठत नव्हती. स्थळ आपल्या हातातलं आहे असं तिला मी सांगितलं होतं. उठायची ती ताई. काहीतरी निमित्त काढून उठायची. वाळत घातलेला टॉवेल बघायला वगैरे.

मग एका मधल्या सुट्टीत, नाझरसाहेब पानं पिसत असताना, मी मोठ्या तोऱ्यात ही गोष्ट त्यांना सांगितली. शिष्यानं गुरूला सांगावी तशी. आणखी एक-दोन स्थळं आहेत असं ठोकून दिल्याचंही सांगितलं.

त्यांचे हात थांबले. “फिर वो बुढ़िया क्या बोली?”

“बरं म्हणाल्या.”

“और?”

“और काही नाही. गाडी सुटली.”

नाझरसाहेबांनी गड्डी टेबलावर ठेवली. मी त्यांना कधी डाव मोडताना बघितलं नव्हतं. “मियाँ,” ते हळू आवाजात म्हणाले, “वो लोगां खेल कहाँ रहे थे? वो तो रिश्ता माँगने आए थे.”

मी हसायचा प्रयत्न केला. “पण तुम्हीच म्हणालात ना, बारीक चाल...”

“बारीक चाल उसके सामने, जो जम के बैठा है. जो खुद छोटे पत्ते पे डर-डर के बैठा, वो तो बारीक चाल पे बी उठ जाता. उसकू हाथ पकड़ के बिठाना पड़ता. ये बी बोला था मैं. उस दिन. तुम चिंचोके भर रहे थे.” मग त्यांनी दोघा कारकुनांकडं बघितलं. “जाओ. कल सुबह की गाड़ी से जाओ. छुट्टी मैं देखता हूँ.”

दुसऱ्या दिवशी मी वैजापूरला उतरलो तेव्हा सगळ्या रस्त्याला मोंढ्याच्या बाजारातल्या कांद्याचा वास होता. विचारत विचारत घर सापडलं. मावशींनी मला ओळखलं, आत घेतलं, गूळ-पाणी दिलं. चांगल्या घरातल्या बायका अपमानही किती नीट गिळतात, ते मी त्या दिवशी बघितलं.

“मावशी, मी होकार सांगायला आलोय,” मी म्हणालो.

त्या खाली बसल्या. “आता रं काय, बाबा? परवा सुपारी फुटली. गंगापूरची पोरगी हाय.”

सुपारी फुटली म्हणजे चारचौघांत शब्द दिला गेला. तरी मी बोलत सुटलो. “तो नकार नव्हता, मावशी. ते नुसतं... पत्त्यात कसं असतं, चांगलं पान आलं की लगेच दाखवायचं नसतं. जरा बारीक चाल टाकायची असते. तसं मी...”

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. “पत्ते खेळता व्हय तुम्ही?”

मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

“पत्ते,” त्या परत म्हणाल्या. आणि मग, माझ्याशी नाही, स्वतःशीच, “बरंच झालं म्हणायचं, बाई.”

मुलगा मधल्या सुट्टीत घरी जेवायला आला. मला बघून तो दारातच थबकला. जेवला नाही. मला पोचवायला स्टँडवर आला. वाटेत तो म्हणाला, “मी आठ दिवस थांबलो होतो. आईला म्हणत होतो, पत्र येईल, ते कळवतो म्हणालेत. आई म्हणाली, कळवतो म्हणजे काय हे तुला कळत नाय व्हय? आपणही दोन ठिकाणी तेच म्हटलंय की.” तो थांबला. “आणि तुमच्याकडं आणखी स्थळं होती.”

“नव्हती,” मी म्हणालो. “एकही नव्हतं.”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“ती सुपारी...” मी सुरुवात केली.

“नाही,” तो म्हणाला. “त्या मुलीनं काय केलंय?”

गाडी लागली होती. मी पायरीवर चढलो तेव्हा तो म्हणाला, “त्यांना सांगा...” मी वळलो. त्यानं हात हलवला. “नको. काही सांगू नका.”

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ताई ओट्यावर वह्या तपासत बसली होती. आई आत भाकऱ्या थापत होती. मी मोंढ्यावरून पिशवीभर कांदे घेतले होते. का, ते मला विचारू नका. रिकाम्या हातानं घरात शिरायची हिंमत नव्हती.

“कुठं गेला होतास?” ताईनं विचारलं.

“वैजापूरला.”

तिनं लाल पेन्सील खाली ठेवली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुपारी आधी सांगितली, मग उलट्या क्रमानं बाकीचं. पत्त्यांचंही सांगितलं. आतला थापण्याचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही. आई दारात आली, पिठाचे हात तसेच, आणि चौकटीला धरून खाली बसली.

“नेमका काय शब्द वापरलास?” ताईनं विचारलं. शाळेत विचारतात तसं.

“कळवतो.”

“तू म्हणालास? आपल्या घरातून?”

मी मान हलवली.

तिनं समोरच्या रस्त्याकडं बघितलं. तिथून कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. आई रडायला लागली तेव्हा ताई म्हणाली, “आई, तव्यावरची जळतेय.” आई उठून आत गेली.

“मला का नाही विचारलंस?” ताई म्हणाली.

सात वेळा बशी घेऊन ती बाहेर गेली होती, नळापाशी ती हसली होती, वैजापूरला जायचं होतं तिला. आणि मी तिच्या वतीनं डोकं खाजवून चाल टाकून आलो होतो. ती ओरडली असती तर मी पाया पडलो असतो. सगळं तयार होतं माझ्याकडं. ती ओरडली नाही.

ती आत गेली आणि फुलस्केपचा दुसरा कागद घेऊन आली. मी आणलेल्या दोनांपैकी उरलेला.

“बस. तुझं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिहून दे.”

“कसला?”

“वैजापूरला विनंती बदलीचा अर्ज केला होता मी. तिथल्या मुलींच्या शाळेत एक जागा आहे. त्यांनीच सांगितलं होतं, नळापाशी. तो रद्द करायचा.”

मी तिच्याच बसकरावर बसलो आणि लिहायला लागलो. महोदय, वरील विषयास अनुसरून सादर विनंती की. कचेरीत असले अर्ज मी दिवसाला दहा लिहायचो, हात आपोआप चालायचा. एका जागी मात्र थांबावं लागलं.

“कारण काय लिहू?”

“घरगुती अडचण.” ती म्हणाली. “सगळ्या तेच लिहितात.”

मी लिहिलं. तिनं कागद घेतला, उभ्यानं वाचला. एके ठिकाणी माझी वेलांटी चुकली होती, ती लाल पेन्सिलीनं दुरुस्त केली आणि मग तिच्याच लक्षात आलं की अर्जावर लाल खूण चालत नाही. “दुसरा कागद नाही ना?”

“नाही.”

“असू दे. साहेब काही म्हणणार नाहीत.” तिनं माझं पेन घेऊन खाली पूर्ण सही केली. आधी स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग आमचं आडनाव. सेवानिवृत्तीच्या कागदांवरही तिची तीच सही होती. तेही तिनं माझ्याकडूनच लिहून घेतले.